रात्रपाळीचा रकाना

मावशी गावी निघून गेल्या. गावभागापासून विश्रामबागेपर्यंत सांगलीतल्या कितीतरी घरांतली अंथरुणाला खिळलेली माणसं त्यांनी कुशीवर वळवली, पुसली, भरवली. आता त्यांचेच गुडघे गेले. त्यात पासष्टी उलटली म्हणून ‘लाडकी बहीण’च्या यादीतून नाव गेलं. पासष्टीपर्यंत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की बाई गरजू ठरते. पासष्टीनंतर तिने श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा, आणि तिथली अट आहे २१,००० रुपयांची. मिळायचे दोन्हीकडे १,५००च. म्हातारपणी माणसाला कमी लागतं असं कुणा साहेबाच्या घरी घडलं असेल, तर त्या घराचा पत्ता मला हवा आहे.

मावशींचा मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोइमतूरला. खानापूर-आटपाडीची हीच रीत. तिकडे साताऱ्यात माण-खटावचा माणूस मुंबईच्या गिरणीत, पाटण-जावळीचा माथाडीत. गावाला मनिऑर्डर पोचायची आणि मागे राहिलेल्यांचं सून बघायची. तिला कुणी योजना म्हटलं नाही, पण सगळ्या योजना तिच्याच जिवावर उभ्या होत्या. १९८० ची संजय गांधी निराधार, १९९५ ची मातोश्री वृद्धाश्रम (निम्मे विनामूल्य, निम्म्यांना महिना ५००), २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा: ही वर्षं मी भराभर उलटते. वृद्धाश्रमांचा पहिला प्रश्न तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. स्वतःचं स्वतः करता येतं का? येत असतं तर दाराशी आलो असतो कशाला?

मला बोलायचंय ते २०११ नंतरच्या दशकाबद्दल. त्या वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. मिरज जवळ म्हणून जीव वाचला. वानलेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढल्यापासून त्या गावाने कितीजणांना उठवून घरी पाठवलंय. पण घरी पाठवल्यावर पुढे काय, हे डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत असतं: पाठीची काळजी घ्या. पाठीची काळजी म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची. चोवीस तासांत बारा वेळा, त्यातल्या चार रात्री झोपेतून उठून.

मी बँकेतली बाई, म्हणून वही घातली. २०१२ ची पानं अजून आहेत. मावशी बारा तासांच्या, रोज २०० प्रमाणे ६,०००. डायपर दिवसाला तीन, ४० चा एक, म्हणजे ३,६००. फिजिओथेरपीचे महिन्याला बारा फेरे, २,४००. औषधं २,२००. एकूण १४,२००. शेजारी रात्रपाळीचा रकाना. तिथे माझं नाव, आणि रकमेच्या जागी रेघ. पुण्याच्या दिरांनी ती वही एकदाच पाहिली आणि विचारलं, “वहिनी, डायपर इतके कसे लागतात?” त्यांची नजर रेघेवर गेलीच नाही. श्रावणबाळचे तेव्हा ६०० होते. निर्वाहाच्या कायद्यातही पोरांकडून जास्तीत जास्त १०,००० च मागता येतात, म्हणजे प्रांतांनी पूर्ण न्याय दिला असता तरी आम्ही ४,२०० नी मागे.

२०१३ च्या नोव्हेंबरात जीवनदायी योजना आपल्या जिल्ह्यांत आली. चांगली योजना, अनेकांची ऑपरेशनं झाली, नावं ठेवणार नाही. पण ती दवाखान्याच्या पायरीवर संपते. आज तिची रक्कम पाच लाखांवर गेली, पायरी तिथेच आहे.

वडील कोरेगावला. ते फौजी, त्यामुळे साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये औषधं मिळायची. तिथेच कळलं की सेवेत शंभर टक्के अपंगत्व आलेल्या जवानाला सतत लागणाऱ्या मदतनिसासाठी वेगळा भत्ता असतो. म्हणजे माणसाला उठवायला-बसवायला माणूस लागतो आणि त्याला पैसे पडतात, हे सरकारला चांगलं ठाऊक आहे! वडील गोळी लागून नव्हे, नुसते म्हातारे होऊन पडले होते, म्हणून ते त्यात बसत नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ३८ वं कलम आहे: ज्याला जास्त आधार लागतो त्याने अर्ज करावा, मंडळाने गरज तपासावी, तसा आधार द्यावा. सासूबाईंसाठी ते कलम घेऊन एका कार्यालयात गेले. साहेबांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “घरात माणसं आहेत ना?”

माणसं होती, हेही खरं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गावभागात शिरली तेव्हा तालमीच्या पोरांनी सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीला साडीने बांधून जिन्यावरून उतरवलं, एकाने लघवीची पिशवी हातात धरली होती. नातेवाइकांकडे वीज नव्हती. हवेच्या गादीची मोटर दोन दिवस बंद राहिली आणि आठ वर्षं जपलेल्या पाठीला जखम झाली. ती भरलीच नाही. पुढच्या वर्षी, कोरोनात, त्या गेल्या. पूर्वी वाड्यातली कुणीतरी काकू तासभर येऊन बसायची, तेवढ्यात माझी भाजी व्हायची. वाड्याच्या जागी आता अपार्टमेंट आहे आणि खाली रखवालदार नाव-नंबर लिहून घेतो.

हे सगळं जगात कुणाला जमलेलं नाही असं नाही. जपानने २००० साली काळजीचा विमाच आणला. माणूस तपासून पायरी ठरवतात, त्याप्रमाणे कुठल्या दिवशी कोण किती वेळ येणार याचा तक्ता करून देतात. जपान श्रीमंत म्हणून सोडून देऊ. मिरजेच्या वॉर्डांत जिथल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या राबल्या त्या केरळात २००८ च्या धोरणानंतर पंचायतीच्या पैशातून नर्स अंथरुणापर्यंत जाते. आपल्याकडे २०२४ ला मुख्यमंत्री वयोश्री आली: चष्मा, काठी, कंबरेचा पट्टा यांसाठी एकदाच ३,०००. दिल्लीत २०१९ च्या डिसेंबरात एक दुरुस्ती विधेयक आलं होतं. १०,००० ची मर्यादा काढायची, घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी करायची. लोकसभेची मुदत संपली आणि तेही संपलं. मावशी पुरवणारे ब्युरोवाले निर्धास्त.

परवा मी माझाच कागद केला. आता बारा तासांचे ७००. दिवसपाळी महिन्याला २१,०००, रात्रपाळी २१,०००, सामान-औषधं ८,०००. पन्नास हजार. ईपीएस-९५ ची माझी पेन्शन २,३००. एका पाळीला महिनाभर जे लागतं, तेवढ्यात श्रावणबाळच्या लेखी अख्खं कुटुंब वर्षभर जगतं. कागद मुलाला बंगळुरूला पाठवला. रात्री त्याचा फोन आला. “आई, रात्रीची बाई कशाला धरलीस? ही घरूनच काम करते ना.”