बारा व्होल्टांत किती आवाज?

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ८४ वॉट-तास वीज मावते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ४२ उरतात. ॲम्प्लिफायर ‘क्लास-डी’चाच घ्यावा, जुन्या पद्धतीचे बरीच वीज उष्णतेत घालवतात.

खरी काटकसर मात्र स्पीकर निवडताना होते. मागे छापलेल्या वॉटना भुलू नका; एका वॉटला, एका मीटरवर किती डेसिबल, ते पाहा. ९३ डेसिबलचा स्पीकर १० वॉटमध्ये जेवढा वाजतो, तेवढ्यासाठी ८७वाल्याला ४० वॉट लागतात. मोठ्या कोनचे बहुधा कमी वॉटमध्ये जास्त वाजतात, म्हणून जुन्या बाजारातला तसा स्पीकर मला नव्या छोट्यापेक्षा केव्हाही प्रिय.

आणि बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज हवाच. शॉर्ट झालेली तार क्षणात तापून पेट घेऊ शकते.