ठेका कानात नको, रस्त्यावर हवा

एखाद्या चांगल्या कामासाठी पाच किलोमीटर धावायचे ठरवून नाव नोंदवले की नवखा माणूस दोन गोष्टींच्या मागे लागतो : बूट आणि गाण्यांची यादी. बुटांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. गाण्यांबद्दल मात्र ‘जोशात येईल असं काहीतरी लाव’ एवढ्यावरच भागते. सांगलीच्या विश्रामबागेत पहाटे शंभर फुटी रस्त्यावर किंवा नेमिनाथनगरच्या कल्पद्रुम मैदानाभोवती असे नवशिके धावताना दिसतात. कानात इअरफोन, चाल सुसाट आणि तीन-चार मिनिटांत कमरेवर हात ठेवून धापा. ही केवळ दमाची कमतरता नव्हे. त्यात गाण्याचाही वाटा असतो आणि त्यावर कोणी बोलत नाही. नवख्याला संगीत हवेच. पण सरावात त्याने वेग आवरायला मदत केली पाहिजे आणि प्रत्यक्ष दौडीच्या दिवशी ते कानातून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

संगीताने व्यायाम सुसह्य होतो याबद्दल आता शंका उरलेली नाही. 2020 साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये 139 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गाणे ऐकत व्यायाम करणाऱ्यांना बरे वाटते, त्यांची कामगिरी थोडी सुधारते आणि श्रम कमी जाणवतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. या आढाव्याच्या लेखकांपैकी एक, लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिऑर्गिस, या विषयावर अनेक वर्षे काम करत आहेत. त्यांच्या मते हलक्या ते मध्यम व्यायामात श्रमाची जाणीव दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. जीव तोडून धावताना मात्र गाण्याचा हा परिणाम जवळजवळ संपतो, कारण शरीराच्या हाकेपुढे गाणे टिकत नाही. ब्रिटनमध्येच 2006 साली ज्युडी एडवर्दी आणि हॅना वेअरिंग यांनी तीस जणांना ट्रेडमिलवर आपापल्या मर्जीच्या वेगाने चालवले-पळवले, तेव्हा जलद आणि मोठ्या आवाजातल्या गाण्याबरोबर लोकांनी वेग वाढवला. इथिओपियाच्या हेले गेब्रसेलासीने 1998 मध्ये बर्मिंगहॅमला दोन हजार मीटरचा बंदिस्त मैदानातला विक्रम मोडला, तोही ‘स्कॅटमॅन’ या गाण्याच्या ठेक्यावर. पण गेब्रसेलासीला वेग हवा होता आणि तो पेलणारे पायही त्याच्याकडे होते.

नवख्याचे तसे नसते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडे, स्नायुबंध आणि टाचेमागची शीर यांना त्याहून बराच वेळ लागतो. म्हणजे दम पुरतो आहे असे वाटू लागते तेव्हा नडगी अजून तयार नसते. अशा वेळी श्रमाची जाणीव कमी करणारी आणि वेग वाढवणारी गोष्ट कानात असेल, तर शरीराने दिलेला इशारा ऐकू येणार कसा? यावर कोणी म्हणेल, सराव हळूहळू वाढवला की झाले, मग गाणे कोणतेही असो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात चार मैलांच्या दौडीची तयारी करणाऱ्या नवख्यांवर नेमका हाच प्रयोग झाला. एका गटाला तेरा आठवड्यांचा सावकाश वाढत जाणारा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला आठ आठवड्यांचा. 2008 साली निकाल आला. दोन्ही गटांत दर पाचांतला साधारण एक जण दुखापतीने थांबला होता, कोणत्याही गटाला फायदा झाला नव्हता. मला यातून कळते ते असे, की नुसत्या वेळापत्रकावर विसंबून भागत नाही. आज नडगी दुखते आहे की गुडघा, हे त्या-त्या दिवशी स्वतःलाच ओळखावे लागते. त्यासाठीची जुनी कसोटी फुकटची आहे. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटले तर वेग जास्त झाला.

मग गाणे वेग आवरेल कसे? मिरजेसारख्या सतारी-तंबोऱ्यांच्या गावाला लय काय असते हे शिकवायला नको. नवखा धावणारा मिनिटाला साधारण दीडशे ते एकशे सत्तर पावले टाकतो. मिनिटाला ऐंशी मात्रांचे संथ गाणे घ्या आणि दुगुणीत पावले टाका : एका मात्रेला दोन, म्हणजे एकशे साठ. चाल बैठकीची, पाऊल हलके. पाऊल आखूड ठेवले की तीच लय राहूनही वेग उतरतो आणि गुडघ्यावर येणारा भार कमी होतो. उडत्या चालीचे, मोठ्या ढोलांचे गाणे नेमके उलटे करायला लावते. ढांगा लांबतात, टाच आपटते. दुसरा उपयोग वेळ मोजण्याचा. जॉश क्लार्क या अमेरिकनाने 1996 मध्ये आखलेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जगभर वापरला जातो. आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात साठ सेकंद धावणे आणि नव्वद सेकंद चालणे, असे वीस मिनिटे. घड्याळाकडे सारखे बघणे नको असेल तर मुखडा धावून काढावा, अंतरा चालून. भावगीत असो की सिनेमातले गाणे, बहुतेकांत हे प्रमाण जवळपास जमून जाते, आणि मुखडा परत आला की पाय आपोआप उचलले जातात.

सगळ्यात प्रामाणिक आक्षेप असा, की जोशाची गाणी काढून घेतली तर हा माणूस पहाटे अंथरुणातून उठणारच नाही. आक्षेप खरा आहे. आनंद नसेल तर कोणतीही सवय पंधरा दिवस टिकत नाही, आणि वर सांगितलेल्या आढाव्यातही बरे वाटणे हाच एक मोठा लाभ आहे. म्हणून ती गाणी टाकून देऊ नयेत. बूट बांधताना, अंग मोकळे करताना, परतताना खुशाल ऐकावीत. धावताना मात्र संथ गाणे, तेही एकाच कानात. सांगली-मिरज रस्त्यावर पहाटेही एसटी, भाजीचे टेम्पो, रिक्षा धावत असतात आणि कडेने मोटारसायकल पाठीमागून येते. दोन्ही कान बंद करून त्या रस्त्यावर उतरणे हे धाडस नसून बेफिकिरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास, ऐंशी डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. रहदारीवर मात करायला आवाज वाढवला की ती सहज ओलांडली जाते.

दौडीच्या दिवशी गाणे रस्त्यावर असावे, याला आपल्याकडे मोठा आधार आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट लाखो वारकरी चालतात, त्यात सत्तरीचे म्हातारेही असतात. टाळ-मृदंग दिंडीतच असतो, सगळ्यांना एकच ठेका ऐकू येतो आणि त्यामुळे तरणा पुढे पळत नाही, म्हातारा मागे पडत नाही. वेळापूरजवळ धावा होतो तोही थोड्या अंतरापुरता, उतारावर. अमेरिकेत सॅन दिएगोला 1998 साली वाटेवर ठिकठिकाणी वाद्यवृंद उभे करून मॅरेथॉन सुरू झाली, तिच्यातले कितीतरी धावपटू रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमवणारे होते. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून सामाजिक संस्थांसाठी निधी उभा करते आहे आणि तिच्या छोट्या ‘ड्रीम रन’मध्ये हौशी माणसेच जास्त. आपल्या पाच किलोमीटरच्या दौडीत वाद्ये लागतात ती शेवटच्या टप्प्यात. पाचांतला चौथा किलोमीटर नवख्याला सर्वांत जड जातो, तिथे हलगी कडाडली तर उपयोग. सुरुवातीच्या कमानीखाली ती वाजली की सगळे पहिल्याच मिनिटाला उधळतात. आयोजक नेमके तिथेच ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारतात, हे बदलायला हवे. शिवाय विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालये, पुढे वॉन्लेसवाडीची रुग्णालये, विजयनगरला न्यायालय. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार अशा ठिकाणांभोवतीच्या शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ध्वनिक्षेपकाबरोबर ढोलालाही मनाई आहे, आणि सकाळी सहापूर्वी ध्वनिक्षेपक उघड्यावर कुठेच लावता येत नाही. मार्ग आखतानाच वाद्यांच्या जागा ठरवल्या तर ही अडचण उरत नाही.

शेवटी पैशाचा प्रश्न निघतो : मदतीसाठी जमलेला निधी वाजंत्र्यांवर का उधळायचा? उधळू नयेच. नोंदणी शुल्कातला आणि देणग्यांतला रुपया ज्या कामासाठी घेतला तिथेच गेला पाहिजे, आणि त्याचा हिशेब महिन्याभरात जाहीर झाला पाहिजे. शाळांची लेझीम पथके, भजनी मंडळे हौसेने येतात. त्यांची ने-आण आणि नाश्ता प्रायोजकांनी उचलावा. हलगीवाल्याचे मात्र ते पोट आहे. धर्मादाय काम आहे म्हणून त्याला फुकट वाजवायला सांगू नये. त्याची बिदागी आधी ठरवावी, आणि वाजवून झाल्यावर लगेच त्याच्या हातात द्यावी.