छत्रीची काडी आणि घराचे कुलूप

दिवाळी आटोपली की गेवराई तालुक्यातील अनेक गावांत, वाड्यांत आणि तांड्यांवर एकच दृश्य दिसू लागते. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शिधा आणि कोयते भरले जातात, लेकरांना वर चढविले जाते आणि सर्वांत शेवटी घराच्या दाराला कुलूप लागते. ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेली ही कुटुंबे गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. काही घरी म्हातारी माणसे मागे राहतात. पण ज्या घरी मागे कोणीच नसते, त्या घराची राखण चार-पाच महिने दारावरचे ते कुलूपच करीत असते. आठवडी बाजारात घेतलेल्या त्या कुलपावर आपण केवढा तरी विश्वास टाकतो. मात्र ते आतून कसे असते आणि कितपत तग धरू शकते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेले असते.

हे पाहण्याचा, किंबहुना हाताने अनुभवण्याचा एक छंद जगात अनेकांनी जोपासला आहे. स्वतःच्या मालकीचे कुलूप समोर ठेवायचे आणि किल्लीविना, न मोडता ते उघडायचे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याला ‘लॉकस्पोर्ट’ असे म्हणतात. जर्मनीतील हॅम्बर्ग येथे १९९७ मध्ये अशा हौशी मंडळींची संघटना स्थापन झाली. पुढे नेदरलँड्समध्ये आणि अमेरिकेतही अशी मंडळे निघाली. बुद्धिबळाच्या स्पर्धा व्हाव्यात तशा तेथे कुलूप उघडण्याच्या स्पर्धा भरतात. या छंदाचे दोन नियम सर्वत्र पाळले जातात. पहिला, जे कुलूप आपले नाही त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दुसरा, रोजच्या वापरातील कुलपावर प्रयोग करायचा नाही, कारण त्यात ते बिघडण्याची शक्यता असते. बाजारातील तयार हत्यारे घेण्यापेक्षा घरातील टाकाऊ वस्तूंतून ती स्वतः घडविणे, हा या छंदातील मोठाच आनंद मानला जातो.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच परकी आहे, असे मात्र नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक आठवून पाहा. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे तो मराठी रसिकांच्याही परिचयाचा झाला. चारुदत्ताच्या घरी चोरी करावयास गेलेला हा शर्विलक मापाची दोरी विसरतो आणि गळ्यातील यज्ञोपवीतच त्या कामी लावतो. वर त्याच जानव्याचे आणखी उपयोगही सांगतो. यंत्राने घट्ट बसविलेले दार उघडण्यास ते उपयोगी पडते, हा त्यांपैकी एक. हाताशी असलेल्या वस्तूचे हत्यार करण्याची युक्ती इतकी जुनी आहे. मात्र शर्विलक घरात शिरतो तो दारातून नव्हे, तर भिंतीला भगदाड पाडून, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्याकडे पुढे वळू.

आधी कुलपाचे अंतरंग पाहू. सपाट, दातेरी किल्लीची जी कुलपे आज सर्रास दिसतात, त्यांची रचना अमेरिकेतील लायनस येल या पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केली. त्यामागील तत्त्व मात्र प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांतही आढळते. कुलपाच्या आत किल्लीसह फिरणारा एक गोल गाभा असतो. या गाभ्यात आणि त्याच्यावरच्या स्थिर भागात एका ओळीत चार-पाच उभी भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांना खाली दाबणारी एक बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना वरच्या पिना अर्ध्या गाभ्यात आणि अर्ध्या स्थिर भागात अडकून बसतात, त्यामुळे गाभा फिरत नाही. योग्य किल्ली घातली की तिच्या कमीअधिक उंचीच्या दात्यांमुळे प्रत्येक जोडीतील फट नेमकी गाभ्याच्या कडेशी येते. सर्व जोड्या एका रेषेत आल्या की गाभा मोकळा होतो आणि कुलूप उघडते.

हे सारे अचूक घडले असते, तर किल्लीविना कुलूप उघडणे जवळजवळ अशक्य झाले असते. पण कारखान्यात पाडलेली भोके तंतोतंत एका रेषेत कधीच नसतात. केसाएवढा का होईना, फरक राहतोच. त्यामुळे गाभ्याला हलकासा पीळ दिला की सर्व पिना एकदम न अडकता आधी एखादीच अडकते. ती योग्य उंचीवर उचलली की गाभा किंचित सरकतो आणि मग दुसरी अडकते. छंदिष्टाचे कौशल्य आहे ते बोटांना लागणाऱ्या या सूक्ष्म जाणिवेत. त्याला दोनच साधने लागतात. एक गाभ्याला पीळ देणारी वाकडी पट्टी आणि दुसरी पिना उचलणारी बारीक सळई. कुलूप जितके स्वस्त, तितकी त्याची भोके ढिली आणि तितके ते उघडणे सोपे, असा अनुभव नवशिक्यालाही लवकरच येतो.

ही साधने कशापासून होतात? मोडक्या छत्रीच्या काड्या, झिजलेले हॅक्सॉ ब्लेड, गाडीच्या वायपरमधील पोलादी पट्टी अशा वस्तू छंदिष्ट जपून ठेवतात. केसांची पिन किंवा कागदाची टाचणी चित्रपटात चालते, प्रत्यक्षात ती लगेच वाकते. कारण या कामाला लवचीक पण पुन्हा मूळ आकारात येणारे पोलाद लागते. हॅक्सॉ ब्लेड घासून बारीक करताना घाई केली, तर ते तापून निळे पडते. लोहाराच्या भाषेत सांगायचे तर त्याचे ‘पाणी’ उतरते. हंगामाला निघण्यापूर्वी कोयत्याला पाणी देऊन घेणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. म्हणूनच पाते थोडे घासायचे, पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा घासायचे. शेवटी पॉलिश पेपरने त्याच्या कडा गुळगुळीत करायच्या, म्हणजे पिनांवर ओरखडे उठत नाहीत. घासताना पोलादाचे कण उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. एका काडीसाठी अख्खी दुपार जाते. पण या दुपारी धातू, स्प्रिंग आणि घर्षण यांचा जो धडा मिळतो, तो पाठ्यपुस्तकातून क्वचितच मिळतो.

आपल्याकडील दणकट कुलपांचा दुसरा प्रकार लिव्हरचा. मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली, शस्त्रक्रियेची उपकरणे करून पाहिली आणि अखेर १८९७ मध्ये लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला. तेव्हापासून लिव्हरचे कुलूप महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. या प्रकारात पिनांऐवजी एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या असतात. किल्लीने प्रत्येक पट्टी नेमकी तिच्या उंचीपर्यंत उचलली जावी लागते. थोडी कमी किंवा थोडी जास्त उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही. कुलपावर सहा, सात किंवा आठ लिव्हर असे जे कोरलेले असते, ते या पट्ट्यांची संख्या सांगते. पट्ट्या जितक्या अधिक, तितके अनधिकृत हाताचे काम कठीण.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. असे ज्ञान पसरविणे म्हणजे चोरांना शिकवणी देणे नव्हे काय? हा वाद पावणेदोनशे वर्षांचा आहे. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकी कारागिराने चब कंपनीचे अभेद्य समजले जाणारे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखविले. पुढे ब्रामा कंपनीचे कुलूपही त्याने उघडले. हे कुलूप उघडणाऱ्यास २०० गिनी देऊ, असे आव्हान कंपनीने अनेक दशके दुकानाच्या काचेत मांडून ठेवले होते. त्यासाठी हॉब्सला सोळा दिवसांत मिळून ५१ तास खर्ची घालावे लागले. लंडनमध्ये खळबळ उडाली. कुलपांचे दोष चव्हाट्यावर आणू नयेत, असे अनेकांचे मत पडले. त्यावर हॉब्सचे म्हणणे असे, की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतातच, त्यांना हे आधीच ठाऊक असते. अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा सज्जन. या खळबळीनंतर कुलूपकारांना आपल्या रचना सुधारणे भाग पडले.

दोष दाखविणाऱ्यावरच रोष धरण्याची वृत्ती विद्वानांतही आढळते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पावर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना तिजोऱ्या उघडण्याचा नाद होता. तिजोरी उघडी असताना तिच्या आकड्यांचा माग काढता येतो, हे त्यांनी एका वरिष्ठ अधिकाऱ्यास दाखवून दिले. तिजोऱ्या उघड्या ठेवू नका, असा आदेश निघेल, ही त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेले असतील त्यांनी आकडे बदलावेत, असे पत्रक निघाले, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे.

अर्थात छंदाला कायद्याची चौकट आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही घरफोडीच्या व्याख्येत कुलूप ‘उघडून’ गृह-अतिक्रमण करणे समाविष्ट आहे. म्हणजे काही मोडले नाही, हा बचाव होऊ शकत नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साधन वैध कारणाविना जवळ सापडणे, हाही गुन्हा आहे आणि कारण वैध असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ते बाळगणाऱ्यावरच आहे. तेव्हा अशी साधने खिशात घेऊन हिंडण्याची नव्हेत. ती घरातील टेबलाच्या खणातच शोभतात.

आता पुन्हा शर्विलकाकडे. त्याने दाराचा नाद सोडून भिंत फोडली, कारण चोर नेहमी सर्वांत दुबळी जागा शोधतो. वर्तमानपत्रांतील घरफोडीच्या बातम्या पाहिल्या तर ‘कडी-कोयंडा तोडून’ हेच शब्द वारंवार दिसतील. पिना चाचपत बसण्याइतका धीर चोरापाशी बहुधा नसतो. पहार घालून कोयंडा उचकटणे त्याला सोपे जाते. म्हणूनच कुलूप उघडण्याचा छंद असणारा माणूस स्वतःच्या दाराकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आठ लिव्हरचे कुलूप आणि चार बारीक खिळ्यांवर लटकलेला कोयंडा, ही विसंगती त्याला तत्काळ खटकते.

लांबच्या मुक्कामाला निघणाऱ्यांनी या नजरेचा लाभ घ्यावा. कोयंडा जाड पट्टीचा असावा आणि दारातून आरपार नटबोल्टने असा बसवावा, की दार बंद असताना नट बाहेरून दिसू नयेत. कुलपाची कडी जाड असावी आणि ती लावल्यावर पहार शिरेल एवढी फट राहू नये. कुलूप घेताना दुकानदाराकडून त्याच जातीच्या दुसऱ्या कुलपाची किल्ली लावून पाहावी. अगदी स्वस्त कुलपांत किल्ल्यांचे प्रकार मोजकेच असल्याने एकाची दुसऱ्याला लागण्याचा संभव असतो. किल्ली हरवली असेल तर नवी करून न घेता कुलूपच बदलावे. दागिने व कागदपत्रे बंद घरात न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासू नातलगांकडे ठेवावीत. आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना दाराकडे लक्ष ठेवण्यास जरूर सांगावे, कारण कोणतेही कुलूप चोराला फक्त वेळ लावते. त्या वेळात हाक मारणारे कोणी जवळपास असावे लागते.

कुलूप सज्जनांसाठी असते, असे आपल्याकडे म्हटले जाते. ते खरेच आहे. पण सज्जनाने ते एकदा उघडून आत काय आहे हे पाहिले, तर पुढच्या दिवाळीनंतर दाराला कुलूप लावताना त्यावर किती विसंबायचे, हे तरी त्याला नेमके ठाऊक असेल.