आखाती पगार आणि १८२ दिवसांचा हिशेब

आयुध निर्माणी आणि एमआयडीसीच्या कारखान्यांनी अंबरनाथमध्ये फिटर, वेल्डर, टर्नर घडविले. त्यातले काही हात आखातात गेले. पश्चिमेच्या वस्त्यांत विचारा, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई सौदीला नाहीतर दुबईला असतो. या घरांत एक समज पक्का आहे : तिकडे इन्कमटॅक्स नाही, म्हणजे आपल्याला इन्कमटॅक्स नाही. हा समज अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यात कामगाराचा घामाचा पैसा जातो.

सौदी वा दुबईत पगारावर कर नाही, हे खरे. पण भारतातला कर दिवसांवरून ठरतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात जो १८२ दिवस वा अधिक भारतात राहिला तो रहिवासी; सामान्यतः त्याची जगभरातली कमाई इथल्या हिशेबात येते. नोकरीसाठी गेलेला भारतीय त्याहून कमी दिवस इथे राहिला तर तो अनिवासी, आणि तिकडे राबून तिकडेच मिळालेला पगार इथे करपात्र नाही. म्हणून ऑगस्टच्या मध्यावर विमानात बसलेला आणि नोव्हेंबरात बसलेला, दोघांचा पगार सारखा असला तरी पहिल्या वर्षाचा हिशेब वेगळा. (ऑगस्टवाला फेब्रुवारी-मार्च लग्नसराईसाठी घरी आला, तर तोही रहिवासी!)

कुठेच कर न भरणाऱ्या भारतीयाला रहिवासी मानण्याची तरतूद २०२० च्या अर्थसंकल्पात आली तेव्हा आखातात घबराट पसरली. सरकारला २ फेब्रुवारी २०२० रोजी खुलासा करावा लागला. पुढे कायद्यात भारतातील उत्पन्न १५ लाखांवर असण्याची अट आली. वेल्डरचा तिच्याशी काय संबंध?

खरी गळती बँकेत आहे. परदेशी नोकरीला गेलेल्याने साधे बचत खाते ‘एनआरओ’ करून घ्यावे लागते. त्याच्या व्याजातून बँक सर्वसाधारणपणे ३० टक्के आणि वर सेस कापते, म्हणजे लाखाच्या व्याजावर ३१,२०० रुपये. भारतातले एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर ही रक्कम परत मिळते, पण रिटर्न भरले तरच. १५-जी फॉर्म इथे चालत नाही. परदेशातून आलेला पैसा ‘एनआरई’ खात्यात ठेवला तर व्याज करमुक्त. आणि २०२५ मध्ये गाजलेली ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ ही सवलत रहिवाशांची आहे, अनिवासींची नव्हे.

बाबासाहेबांचा १९२५ चा ग्रंथ प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. करांचा अभ्यास आपल्या समाजाला परका नाही. मग विहारातल्या अभ्यासिकेत एखादा रविवार आपले कॉमर्सवाले तरुण या घरांतल्या बायाबापड्यांना देतील काय? येताना पासबुक आणावे. जुने पासपोर्टही आणावेत, दिवसांचा पुरावा त्यांच्यातल्या शिक्क्यांत आहे.