सहा हेलिकॉप्टरांचा हिशेब

तेहरानमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकनांना सोडवण्यासाठी 'ईगल क्लॉ' मोहीम आखली गेली, तेव्हा किती हेलिकॉप्टर वाटेत बिघडतील याचा हिशेब आधीच मांडलेला होता. डेझर्ट वन या वाळवंटी थांब्यावरून पुढे जायला किमान सहा हवीत, म्हणून आठ पाठवायची. सहाहून कमी उरली तर माघारी फिरायचं.

24 एप्रिल 1980 च्या संध्याकाळी 'निमिट्झ' या विमानवाहू नौकेवरून आठ सी स्टॅलियन उडाली. त्यांच्या पात्यांत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असे. पात्याला तडा गेला की दाब उतरून इशारा मिळे. एकाला तो इशारा मिळाला आणि ते वाळवंटातच सोडून द्यावं लागलं. मग धूळ लागली. वादळ नव्हे, पिठासारखी बारीक, हवेत नुसती तरंगणारी धूळ. सोबतची हेलिकॉप्टर दिसेनात. दुसरं उपकरणं बिघडल्यामुळे नौकेकडे परतलं, तिसऱ्याचं हायड्रॉलिक निकामी झालं.

उरली पाच.

अशी धूळ उठू शकते याची नोंद हवामानाच्या कागदांत होती, पण गोपनीयतेपायी ती वैमानिकांपर्यंत पोचलीच नाही. परत फिरलेल्या वैमानिकाला पुढे आकाश स्वच्छ आहे हेही ठाऊक नव्हतं, कारण रेडिओवर बोलायची मनाई होती. नंतर ॲडमिरल होलोवे यांच्या समितीने याच गोष्टींवर बोट ठेवलं. बिघाडांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्यांनी वैमानिकाला काय कळायला हवं याचा तेवढा विचार केला नाही, हे आजही खटकतं.

पाचांवर भागेल का, असं ओलिसांच्या सुटकेसाठी निघालेल्या डेल्टा फोर्स तुकडीचे कर्नल चार्ल्स बेकविथ यांना विचारलं गेलं. त्यांनी नकार दिला. त्या गोंधळात ते ठाम राहू शकले, कारण आकडा आधीच ठरला होता. याचं श्रेय आखणाऱ्यांना द्यायलाच हवं. पण संपूर्ण मोहिमेची रंगीत तालीम एकदाही झालेली नव्हती. निघण्याच्या गडबडीत, पंख्यांनी उडवलेल्या धुळीत, जागा बदलणारं एक हेलिकॉप्टर इंधन घेऊन आलेल्या सी-130 विमानावर आदळलं. आठ जण मृत्युमुखी पडले.

यानंतर अमेरिकी लष्कराने रात्रीच्या उड्डाणांसाठी खास हेलिकॉप्टर तुकडी उभारली. 2 मे 2011 रोजी ओसामा बिन लादेनवरच्या मोहिमेसाठी पाकिस्तानातल्या अबोटाबादला तिचेच वैमानिक गेले होते. तालीम भरपूर झाली होती, पण तालमीच्या आवाराला जाळीचं कुंपण होतं आणि खऱ्या आवाराला उंच, भक्कम भिंती. पंख्याने खाली ढकललेल्या हवेला वाट मिळेना आणि एक ब्लॅक हॉक आवारातच कोसळलं. जवान बचावले आणि काम पुढे चालू राहिलं. अशा प्रसंगासाठी जादा चिनूक हेलिकॉप्टर वाटेत उतरवून ठेवली होती. त्यांपैकी एक बोलावलं, मोडक्या ब्लॅक हॉकला स्फोटकं लावली आणि सगळे निघाले.