‘घरातच असते’ म्हणू नका!

मे महिन्यातली गोष्ट. बचत गटाच्या कामासाठी रत्नागिरीजवळच्या एका वाडीत माहितीचे अर्ज भरत होते. पडवीत बसलेल्या वहिनींना विचारलं, “व्यवसाय काय लिहू?”

“काय नाय ओ ताई, घरातच असते.”

“आणि उत्पन्न?”

“ह्यांचे मुंबईहून येतात तेवढेच.”

बोलताना हात मात्र थांबले नव्हते. पुढ्यात रातांब्यांची रास. फोडायचे, बिया काढायच्या, सालींना रसाची पुटं देऊन उन्हात वाळवायच्या. ही आमसुलं त्या विकणार होत्या!

मैत्रिणींनो, आपला जिल्हा पूर्वीपासून मनीऑर्डरवर चालणारा म्हणून ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार असलेली लोकसंख्या १६ लाख १५ हजारांवर आली होती. तरणी माणसं बाहेर गेली, की शेती, गुरं, बाग कोण बघतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तरी कमाई म्हटली की आपल्याला मुंबईचेच पैसे आठवतात.

मग अर्जाच्या पाठीमागे आम्ही दोघींनी त्यांचं वर्ष मांडलं. पावसात भाताची लावणी, बेणणी. ऑक्टोबरात कापणी, झोडणी. मग परड्यातली भाजी. फेब्रुवारीपासून काजू बी वेचणं, पुढे आंब्याच्या बागेत मजुरी आणि शेवटी रातांबे. मोजले तर आठ महिने भरले!

जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा अधिक काम करणाऱ्याला ‘मुख्य काम करणारा’ धरतात. घरच्या शेतात मजुरी न घेता राबणं हेही त्यात काम असतं. स्वयंपाक, धुणीभांडी तेवढी धरत नाहीत. म्हणजे वहिनी हक्काने त्या रकान्यात बसतात. पण ‘घरातच असते’ म्हटलं की नोंद होते काम न करणारी म्हणून. आणि जी कागदावर कमावतच नाही, तिला कर्ज कोण देणार? तिच्यासाठी योजना कोण आखणार?

लांबलेली जनगणना आता २०२७ साठी जाहीर झाली आहे. माहिती घेणारे दारात आले, की मामंजी किंवा भावोजी सांगतील म्हणून आत बसू नका. बाहेर या, स्वतःचं काम स्वतः सांगा.

वहिनींनी निघताना मला थांबवलं. म्हणाल्या, “ताई, ते खोडा. शेती आणि आमसुलं लिवा.”

तुमच्या रकान्यात काय लिहायचं, ठरवलंत का?