आरोग्य : आतड्यातला कोंब आणि रक्त पातळ करणारी गोळी



हृदयाची झडप बदललेले, स्टेंट बसवलेले, अर्धांगवायूतून उठलेले सभासद आता गावोगाव आहेत. त्यातले बरेच जण रक्त पातळ करणारी गोळी रोज घेतात. अशांपैकी कुणाच्या मोठ्या आतड्यात दुर्बिणीने तपासताना कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला तर काय करायचे, हे आधीच माहीत असलेले बरे. काही कोंब पुढे वर्षानुवर्षांनी कर्करोगाचे रूप घेतात. म्हणून ते वेळीच काढतात. पोट फाडावे लागत नाही. दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून कोंब कापतात आणि पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी येतो.

खरी काळजी पुढे आहे. पाट फुटला की दारे धरणारा गडी चिखलाचा लोंदा टाकून भगदाड बुजवतो. आपल्या रक्तातही असा गडी आहे. गोळी त्याचा हात धीमा करते. मग कोंब काढलेल्या जागेतून रक्त जास्त वाहू शकते. कोंब एक सेंटिमीटरहून मोठा असेल तर धोका वाढतो. आणि रक्तस्राव त्याच दिवशी होईल असे नाही. खपली सुटल्यावर, आठ-दहा दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीही होतो.

"मग गोळीच बंद करतो की!" असे कुणी म्हणेल. तसे मुळीच करू नका. गोळी सुटली की तोच गडी चालता पाटसुद्धा बुजवून टाकतो. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीवावर बेतते. स्टेंट ताजा असेल तर कोंब काढणेच काही महिने पुढे ढकलतात.

सर्वसाधारण रीत अशी आहे. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. वॉरफरिन सुमारे पाच दिवस आधी थांबवून आय.एन.आर. तपासतात. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवतात. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या एक-दोन दिवस आधी. मूत्रपिंड अधू असेल तर जास्त. पण हा हिशेब हृदयाचे डॉक्टर आणि दुर्बिणीचे डॉक्टर यांनी मिळून करायचा, आपण नव्हे. गोळी पुन्हा कधी सुरू करायची, तेही त्यांच्याकडून लिहूनच घ्या.

वॉरफरिनची कूळकथा शेतकऱ्याचीच आहे. अमेरिकेत कुजक्या गवताने जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्याचे कारण शोधले. त्यातून १९४८ साली उंदीर मारायचे औषध निघाले आणि पुढे तेच माणसाच्या उपयोगी पडले. जपून वापरायची चीज आहे, ती अशी.

घरी आल्यावर दोन आठवडे मोळी उचलणे, लांबचा प्रवास टाळा. अंग दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून घेऊ नका. शौचातून लाल रक्त किंवा गाठी पडल्या, शौच डांबरासारखे झाले, चक्कर आली, घाम सुटला तर "मूळव्याध असेल" म्हणून घरी थांबू नका. तडक दवाखाना गाठा. पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच चिमटा लावून रक्त थांबवता येते. उशीर तेवढा नको.

ऊसनोंदीची पावती जपता, तशी गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवा आणि घरच्यांनाही दाखवून ठेवा, ही विनंती.